दबाई कुणी पाहिली?

गणपतीच्या दिवसांत रायगड जिल्ह्यात पेणहून नागोठण्याकडे महामार्गाने गेलेल्या माणसाला सांगून बघा, की रस्त्याखालच्या न दिसणाऱ्या पोकळ्या शोधणारं एक रडार असतं. तो हसेल. पळस्पे ते इंदापूर हा टप्पा चौपदरी करण्याचं काम 2011 साली सुरू झालं. त्यानंतर किती मुदती आल्या नि गेल्या, याचा हिशेब आता कुणी ठेवत नाही. जिथे डोळ्यांना दिसणारे खड्डे बुजत नाहीत तिथे न दिसणारे शोधायला यंत्र आणायचं, ही कल्पना त्याला सरकारी विनोदासारखी वाटेल आणि त्यात त्याची चूक नाही.

तरीही हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण खड्डा आणि पोकळी हे दोन वेगळे आजार आहेत. खड्डा वरून सुरू होतो. डांबराला भेग पडते, पाणी शिरतं, चाकं खडी उखडतात. तो कुरूप असतो, कंबरडं मोडतो, दुचाकीस्वाराचा जीवही घेतो, पण तो दिसतो. पोकळी खालून वर येते. फुटलेल्या नळातून, सांधा सुटलेल्या मोरीतून, नीट न भरलेल्या चरातून पाणी वाट काढतं आणि जाताना मातीचे बारीक कण घेऊन जातं. आधी मुठीएवढी जागा रिकामी होते, मग घमेल्याएवढी. वरचा थर कमानीसारखा उभा राहतो आणि गाड्या त्यावरून जात राहतात. ज्या दिवशी कमान सुटते त्या दिवसापर्यंत रस्ता उत्तम दिसतो.

त्यात आपण रस्ते काँक्रीटचे करत चाललो आहोत. डांबर मऊ असतं, खालचा आधार सुटू लागला की ते खचतं, बशीसारखा खोलगटपणा येतो आणि येणारं-जाणारं कुणीतरी ओरडतं. पंचवीस-तीस सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा पट्टा खचत नाही. खालची माती गेली तरी तो पुलासारखा तोलून धरतो आणि एके दिवशी कोपऱ्याशी तडकतो. काँक्रीट वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. आपल्या पावसाला तेच टिकतं. पण त्याने रस्त्याची तक्रार करायची ताकद काढून घेतली आहे.

आता ते रडार काय करतं ते पाहू. त्याच्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, की ते जमिनीचा एक्स-रे काढतं. दुसरा, की ते परदेशी खेळणं आहे. हातगाडीसारख्या गाड्यावर किंवा वाहनाच्या मागे बसवलेला अँटेना जमिनीत रेडिओलहरींचे अतिशय छोटे ठोके सोडतो. जमिनीचा गुणधर्म जिथे बदलतो तिथून लहरीचा काही भाग परत फिरतो आणि यंत्र त्याला लागलेला वेळ मोजतं. हवेत लहर एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जाते. मुरूम-मातीत तिचा वेग साधारण दहा सेंटिमीटरवर येतो, पाण्यात सव्वातीनवर. मीटरभर खोल गोष्टीची बातमी मुरमातून वीस नॅनोसेकंदांत परत येते.

पोकळी सापडते ती या वेगांतल्या फरकामुळे. मुरमातून हवेत शिरताना लहरीची साधारण पाव शक्ती परत फिरते, म्हणजे पडद्यावर ठळक खूण उमटते. पोकळी पाण्याने भरलेली असेल तरीही जवळपास तेवढीच शक्ती परत येते, फक्त लहर उलटी होऊन येते. वाचणारा जाणकार असेल तर पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रम पाहून खाली हवा आहे की पाणी हे सांगू शकतो. नसेल तर त्याला सगळ्याच खुणा सारख्या दिसतात. नळ, दगड, झाडाचं मूळ, जुन्या गटाराची भिंत, सगळं पडद्यावर उपड्या वाटीच्या आकारात येतं. रडार एवढंच सांगतं की इथे काहीतरी वेगळं आहे. ते काय आहे हे कोअर कटिंगने भोक पाडून पाहिल्याशिवाय नक्की होत नाही.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात 41 कामगार अडकले होते, तेव्हा ढिगाऱ्यात पुढे काय आहे हे पाहायला हेच तंत्र वापरलं गेलं. पुढच्या पाच मीटरमध्ये धातूचा अडथळा दिसत नाही असं त्या आधारे सांगण्यात आलं आणि त्यानंतर ऑगर यंत्र लोखंडात अडकलं. शेवटचं अंतर हाताने खोदणाऱ्या माणसांनी पार केलं. यावरून रडार खोटं बोलतं असं ठरत नाही. मात्र ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर यंत्र भरून काढत नाही, आणि आपली कार्यालयं हे अंतर एका शेऱ्यात मिटवण्यात वाकबगार आहेत.

पेण आणि रोहा हे दोन तालुके शेजारी आहेत, पाऊस दोघांनाही वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर झोडपतो, पण रडारच्या दृष्टीने ते दोन वेगळे देश आहेत.

पेणच्या पश्चिमेचा मोठा पट्टा खारेपाट आहे. धरमतरच्या खाडीचं पाणी मागे सारून, मातीचे काठे घालून, उघाड्यांतून गोडं पाणी बाहेर सोडून इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन समुद्राकडून काढून घेतली. वडखळ, गडब, कासू या बाजूला महामार्ग याच चिखलमातीच्या कडेने किंवा तिच्यावर घातलेल्या भरावावरून जातो. ही माती खारट आहे, चिकण आहे आणि ओली आहे, आणि रेडिओलहरीला या तिन्ही गोष्टी मारक आहेत. क्षारयुक्त पाणी वीज वाहून नेतं. लहर त्यात शिरली की तिची शक्ती उष्णता होऊन विरते. साधा हिशेब करून पाहा. कोरड्या मुरमाची वाहकता मीटरला 5 मिलिसीमेन्स धरली, तर मीटरभर खाली जाऊन परत येताना लहरीची पाव-भागाहून थोडी जास्त शक्ती शिल्लक राहते. ओल्या खारट चिकणमातीची 100 धरली, तर तेवढ्याच प्रवासात तीस लाखांतला एक भागही उरत नाही. आणि 100 हा आकडा उदार आहे. समुद्राच्या पाण्याची वाहकता त्याच्या चाळीस-पन्नास पट असते.

म्हणजे पेणच्या खारपट्टीत भरावाखाली काय चाललं आहे हे रडारला दिसणार नाही. भरावाच्या मुरमात दीड-दोन मीटरपर्यंत काही दिसेल, आणि तेही तळातून क्षार वर चढले नसतील तर. मोरीच्या डोक्यावरची, भरावातच झालेली पोकळी कदाचित सापडेल. तिच्या पायाखालची नाही. आणि खरी गोम तिथेच आहे, कारण या पट्ट्यात पाणी फक्त पावसाळ्यात काम करत नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा मोरीच्या सांध्यांतून आत-बाहेर करते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोरात करते, वर्षाचे बाराही महिने करते. सुटलेल्या सांध्यातून माती खेचून नेण्यासाठी याहून चिकाटीचा मजूर मिळणार नाही.

खारपट्टीतल्या पुलांच्या तोंडाशी गाडी उसळते, हे ड्रायव्हरांना पाठ असतं. पूल खडकापर्यंत गेलेल्या पायावर उभा असतो, शेजारचा भराव चिखलावर बसत राहतो. दोघांना जोडायला काँक्रीटची लादी टाकतात आणि तिच्याखालची माती बसली की लादी अधांतरी राहते. जगभर रस्त्याखालच्या पोकळ्यांची ही एक नेहमीची जागा. इथे डोलवीच्या पोलाद कारखान्याचे आणि बंदराकडचे ट्रेलर रात्रंदिवस आपटतात. उसळी आली की त्यावर डांबराचा आणखी एक थर ओढायचा, हा आपला उपाय. थराने उसळी जाते, लादीवरचं वजन वाढतं, आणि वरून ऐकू येणारी एकमेव तक्रार बंद होते.

रोह्याकडे वळलं की जमीन बदलते. कुंडलिकेच्या काठची गाळमाती सोडली तर बेसॉल्टचा खडक, त्यावर मुरूम, काही ठिकाणी लाल माती. मे महिन्यात, जमीन सुकलेली असताना, 400 मेगाहर्ट्‌झचा अँटेना इथे दोन मीटरपर्यंत नीट पाहू शकेल. आणि रोह्यात पाहण्यासारखं खूप आहे. धाटावची औद्योगिक वसाहत म्हणजे जमिनीखाली पाण्याच्या नळ्या, सांडपाण्याच्या नळ्या, विजेच्या केबल. रासायनिक सांडपाणी साध्या सिमेंटच्या नळाला आतून खातं हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. वरून टँकर जातात, आत कोणतं रसायन आहे हे मागच्या पाटीवरच्या आकड्यांवरून कळणारे. अशा टँकरखाली जमीन सुटली तर ती वार्ता रस्त्याची राहणार नाही. सगळा रोहा नाक दाबून धावेल.

म्हणून मला आधी एक साधी गोष्ट मांडायची आहे. रडारची गाडी आणून ‘जिल्ह्यातले सगळे रस्ते तपासले’ असा अहवाल देणं सोपं आहे, आणि या दोन तालुक्यांपुरता तो अर्धा खोटा असेल. पेणच्या खारपट्टीचा आलेख स्वच्छ निघेल, कारण यंत्र तिथे आंधळं आहे. रोह्याच्या आलेखात शेकडो खुणा दिसतील, कारण तिथे ते पाहू शकतं. फायलीत मात्र पेण सुरक्षित आणि रोहा धोकादायक ठरेल.

ज्यांनी हे काम आपल्या कितीतरी आधी सुरू केलं त्यांचा अनुभवही पाहायला हवा. जपानमध्ये रस्ता खचण्याच्या लहानमोठ्या घटना वर्षाला दहा हजारांच्या आसपास नोंदवल्या जातात. त्या नोंदवल्या जातात ही त्यातली पहिली शिकण्यासारखी गोष्ट. तिथे रडारच्या गाड्या गेली तीन दशकं फिरतात. फुकुओकामध्ये 8 नोव्हेंबर 2016 ला स्टेशनसमोरचा हमरस्ता सुमारे तीस मीटर रुंदीत खाली गेला आणि आठवड्याभरात पुन्हा सुरू झाला. ते छायाचित्र आपल्याकडे मोबाइलवरून खूप फिरलं, ‘नाहीतर आमच्याकडे’ अशा ओळीसह. पण 28 जानेवारी 2025 ला साइतामा प्रांतातल्या याशिओ शहरात चौकातच भगदाड पडलं, एक ट्रक आत गेला आणि चालकाचा मृतदेह बाहेर काढायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. तिथे 1983 साली टाकलेली, पावणेपाच मीटर व्यासाची सांडपाण्याची वाहिनी हायड्रोजन सल्फाइडने झिजली होती. ती सुमारे दहा मीटर खोल होती आणि रस्त्यावरून फिरणारं रडार तिथवर पोचत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सोलमध्ये वीसेक मीटर रुंदीचं भगदाड पडून एक मोटारसायकलस्वार गेला. ज्या शहराने 2014 पासून पोकळ्यांचा शोध मनावर घेतला आहे, ते शहर. हे वाचून ‘मग उपयोग काय’ असं म्हणता येतं. मला उलट वाटतं. तिथल्या लोकांना आपलं यंत्र किती मीटरपर्यंत पाहतं हे माहीत आहे, आणि त्याखालचं काम नळाच्या आत कॅमेरा उतरवून करावं लागतं हेही.

आपल्याकडच्या दोन घटना मात्र वेगळ्याच जातीच्या आहेत. 13 जून 2021 ला घाटकोपरच्या एका गृहसंकुलाच्या आवारात उभी असलेली मोटार पाहता पाहता नाक खुपसून पाण्यात गडप झाली. तो व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. खाली विहीर होती. तिच्यावर काँक्रीट टाकून गाड्या उभ्या करायची जागा केली होती. 20 सप्टेंबर 2024 ला पुण्यात बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेच्या कामावरचा ट्रक मागच्या बाजूने सरळ खाली गेला. चालक वाचला. वर पेव्हर ब्लॉक होते आणि तिथेही जुन्या विहिरीचीच चर्चा झाली. पुण्याच्या पेठांखाली पेशवाईतले हौद आहेत, कात्रजच्या तळ्यातून पाणी आणणारा दगडी नळ आहे, त्याचे हवा खेळवणारे उच्छ्वास आहेत.

विहीर झाकली जाते तेव्हा ती झाकणाऱ्यांना माहीत असते. तिच्यावर स्लॅब टाकणाऱ्या गवंड्याला माहीत असते, पैसे मोजणाऱ्याला माहीत असते, शेजारच्या आजीला तर तिच्या पाण्याची चवही आठवत असते. वीस वर्षांत ही माणसं पांगतात आणि मग आपण जे माहीत होतं तेच शोधायला लाखो रुपयांचं यंत्र मागवतो. रोह्यात, पेणमध्ये जुन्या आळ्यांतून बुजवलेल्या विहिरी किती, हे एका उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना विचारून नकाशावर मांडता येईल. केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं, खोदण्यापूर्वी जमिनीखाली कुणाची वाहिनी आहे ते विचारण्यासाठी. कल्पना चांगली आहे. पण उत्तर देणाऱ्या खात्याकडे स्वतःचा नकाशा असेल तरच ॲपला उत्तर मिळतं.

आता मूळ प्रश्न. रस्त्याखाली पोकळी कोण करतं? पाणी, हे अर्धं उत्तर आहे. पाण्याला वाट करून देतो तो चर. पाणीपुरवठ्याची नळी, फायबर केबल, गॅसची वाहिनी, प्रत्येकासाठी रस्ता फुटतो. चर भरण्याची रीत जुनी आहे. माती पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांत टाकायची, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. प्रत्यक्षात जेसीबी एका दमात सगळा चर लोटून देतो, वरून चाक फिरवतो, आणि उरलेली दबाई येणारे ट्रक करतील अशी सोय असते. अलीकडे रस्ता न फोडता खालून आडवं भोक पाडून केबल ओढतात. वरून ओरखडासुद्धा दिसत नाही. भोकाच्या भोवती सैल झालेल्या मातीचं काय, हे विचारायला जागाच राहत नाही.

चर भरला की मेजरमेंट बुकात नोंद होते: इतके घनमीटर भराव, दबाईसह. ती नोंद करणाऱ्या अभियंत्याने दबाई पाहिलेली असते का? कित्येकदा पाहता येण्यासारखं काही उरलेलंच नसतं, कारण तो पोचेपर्यंत वर काँक्रीट पडलेलं असतं. पुस्तकात भरीव आणि जागेवर पोकळ हा प्रकार पेणला नवा नाही. 2010 साली पेण अर्बन बँक बंद पडली तेव्हा बनावट कर्जखात्यांच्या रूपाने तो लाखांहून अधिक ठेवीदारांनी भोगला. तिथेही तपासणी होत नव्हती असं नाही. तपासणारे कागद पाहत होते.

माझं म्हणणं असं, की आपल्या परिस्थितीत रडारचा सगळ्यात चांगला उपयोग अपघात टाळणारा पहारेकरी म्हणून नाही, तर बिल मंजूर होण्यापूर्वीचा साक्षीदार म्हणून आहे. संपूर्ण जिल्ह्याचे रस्ते धुंडाळणं महाग, संथ आणि खारपट्टीत निष्फळ आहे. पण गेल्या वर्षात फोडलेले चर कुठे आहेत हे ठाऊक असतं. चर मीटर-दीड मीटर खोल असतो, म्हणजे बरोबर रडारच्या टप्प्यात. भरलेला भाग ताजा असतो, शेजारी न फोडलेली जमीन तुलनेला असते. चर भरल्यावर एकदा आणि पहिला पावसाळा गेल्यावर, जमीन वाळल्यावर, पुन्हा एकदा असे दोन आलेख काढायचे आणि एकावर एक ठेवायचे. दोहोंत फरक दिसला तर तिथे भोक पाडून पाहायचं. पोकळी निघाली तर दोषदायित्वाच्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने चर उघडून भरायचा. रडार एकट्याने जे सांगू शकत नाही ते दोन आलेखांमधला फरक सांगतो, कारण दगड आणि मूळ पावसाळ्यात जागा बदलत नाहीत.

यावर आक्षेप आहेत आणि काही वजनदार आहेत. काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांमधल्या सांध्याखाली जी पातळ फट होते, सेंटिमीटरभराची, ती या खोल पाहणाऱ्या अँटेनाला वेगळी ओळखता येत नाही. एवढ्या पातळ पोकळीचा वरचा आणि खालचा काठ त्याला एकच दिसतो. शिवाय सांध्यात लोखंडी सळया असतात आणि त्या आलेखभर झळकतात. तिथे रडारपेक्षा वजन आपटून लादी किती दबते हे मोजणारं यंत्र कामाचं. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर हे त्याचं नाव. आणि हेही जमलं नाही तर नारळ कानाशी धरून हलवतात तसं, हातोडीने ठोकून आवाज ऐकणारा अनुभवी मुकादम अजून काही ठिकाणी सापडतो. महामार्गांवर लेझर लावलेल्या सर्वेक्षण गाड्या फिरू लागल्या आहेत, पण त्या वरचा पृष्ठभाग वाचतात. भेगा, खड्डे, उंचसखलपणा. त्यांच्या अहवालाला पोकळीचा अहवाल समजण्याची चूक व्हायला नको.

दुसरा आक्षेप, की आलेख वाचायचा कुणी? ज्याने यंत्र भाड्याने दिलं तोच वाचणार आणि ज्याच्या बिलावर परिणाम होणार त्याच्याशीच त्याचे संबंध असणार. हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. उपाय जिल्ह्यातच आहे. माणगाव तालुक्यात लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या स्थापत्य शाखेच्या मुलांना पुस्तकातल्या आदर्श वाळूपेक्षा धाटावच्या रस्त्याचे आलेख वाचायला द्यावेत. चुका होतील. त्या कोअर कटिंगने पकडल्या जातील, आणि चार वर्षांत रायगडच्या मुरमाचे, गाळमातीचे, खारमातीचे आलेख कसे दिसतात याचा असा साठा तयार होईल जो बाहेरून विकत मिळत नाही.

तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, पण तोच बाकीच्यांचा बाप आहे. पोकळी सापडली, की ती माहीत झाली. माहीत असून भरली नाही आणि वर कुणी मेलं, तर जबाबदारी कुणाची हे सांगायला न्यायालयाला फार वेळ लागणार नाही. न पाहिलेल्या पोकळीची जबाबदारी पावसावर टाकता येते. म्हणून खात्यांना अज्ञान सोयीचं असतं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा 1928 सालचा पूल वाहून गेला, दोन एसटी बसगाड्या आणि एक मोटार पुरात गेल्या, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला सुरक्षित होता, असं सरकारने सांगितलं. तिथे रडारने काही साधलं नसतं, पुराच्या पाण्याखाली पायाशी काय घडतं ते पाहण्याचं तंत्र वेगळं आहे. पण पाहणीत कोणता भाग पाहिला, कशाने पाहिला आणि काय पाहता आलं नाही, हे कागदावर लिहिण्याची सवय असती, तर ‘सुरक्षित’ या शेऱ्याला अर्थ राहिला असता. पेणच्या रस्त्याच्या अहवालात ‘दोन मीटरखाली यंत्र पाहू शकलं नाही’ असं वाक्य छापलं जाईल तेव्हा मी त्या अहवालावर विश्वास ठेवायला सुरुवात करीन.

खारेपाटाने हा प्रश्न यंत्राशिवाय कसा सोडवला होता, ते अभियंत्यांनी पाहण्यासारखं आहे. मातीच्या काठ्याला सगळ्यात मोठा धोका लाटेचा नसतो, खेकड्याच्या बिळाचा असतो. बोटभर भोकातून भरतीचं पाणी शिरतं, ओहोटीला माती घेऊन परततं, आणि एका उधाणाला काठ्याला खांड जाते. खारं पाणी शेतात बसलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा. म्हणून बिळं बुजवणं हे काम कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. अलिबाग-पेणकडे त्याला जोळ म्हणतात. काठ्याच्या आत ज्याची जितकी जमीन, त्याने तितक्या हिश्शाने काठ्यावर राबायचं. ज्याच्या हिश्शात बीळ राहिलं त्याला गावात तोंड दाखवणं कठीण. 1948 साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला, 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला आणि काठ्यांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे सरकली. त्याने मोठी कामं शक्य झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. दगडी पिचिंग, पक्क्या उघाड्या गावाच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. पण बोटभर भोक निविदेत बसत नाही. त्याची खांड झाली की मगच ते बसतं.

रस्त्यांचंही असंच झालं. सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली असायचा. ठरावीक पट्टा त्याचा, त्यातली मोरी त्याची, गटार त्याचं. ती पदं गेली आणि पट्ट्याला ओळखणारा माणूस गेला. शेजारचा रेल्वेमार्ग मात्र ही शहाणीव टिकवून आहे. कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. 2003 च्या वैभववाडीच्या आणि 2004 च्या करंजाडीच्या अपघातानंतर पावसाळ्यात तिथे गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळापत्रक वेगळं असतं आणि माणसं रुळांवरून गस्त घालतात. डोंगर हलतोय का हे मोजायला उपकरणंही बसवली आहेत. पण उपकरण बसवलं म्हणून गस्तवाल्याला घरी पाठवलेलं नाही.

पहिला प्रयोग करायचा तर तो धाटावच्या रस्त्यांवर व्हावा, मे महिन्यात, जिथे यंत्राला दिसतं आणि जिथे धोका टँकरवर बसून फिरतो. वर्षभरात फोडलेल्या चरांची यादी आधी, रडार नंतर. पेणच्या खारपट्टीसाठी पहिल्या वर्षी रडारचा पैसा मागूच नये. तिथे पुलांच्या तोंडाच्या लाद्यांची पातळी दर सहा महिन्यांनी मोजावी, शंका येईल तिथे भोक पाडून पाहावं, आणि मोऱ्यांवर माणूस नेमावा. ओहोटीच्या वेळी मोरीतून बाहेर पडणारं पाणी भरतीला आत गेलेल्या पाण्यापेक्षा गढूळ असेल तर आतून माती जाते आहे, हे ओळखायला त्या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. त्याने बाटलीत पाणी भरायचं, तारीख घालायची, वहीत लिहायचं. त्याची मजुरी दुरुस्तीच्या निविदेतच धरता येते, आणि वडखळ ते कासू एवढ्या अंतराला अशी दोन-तीन माणसं पुरतील.